दोन मिलिमीटर

आमच्या मारुती 800 चं हेड-प्रकरण लिहून काढायचं असं कितीदा ठरवलं, पण दर वेळी लाज आडवी यायची. आता गाडीही नाही आणि ज्यांच्यापुढे लाज गेली त्यातली आजीही नाही. तेव्हा लिहून टाकतो.

गोष्ट 2005 सालची. नोकरीला दोन वर्षं झाली होती, आणि बाबांची 1998 ची, कार्ब्युरेटरवाली 800 माझ्या ताब्यात आली होती. 796 सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येकाला एक इनटेक आणि एक एक्झॉस्ट वॉल्व्ह. हायवेला कुणीही ओव्हरटेक करून जायचं. मग रात्र-रात्र वाचन करून मी निष्कर्ष काढला : इंजिनाला श्वास पुरत नाही. वॉल्व्ह मोठे करा.

भोरला मामाच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. त्यांना सांगितलं, इनटेक वॉल्व्ह दोन मिलिमीटर मोठे बसवायचेत. त्यांनी हात पुसत विचारलं, "भाऊ, पळवायची कुठं? आपल्याकडं तर गाडी चढवायची असती." मला वाटलं, जुन्या पिढीचा माणूस. मी हेड पुण्याला एका मशीन शॉपमध्ये नेलं. हेड ॲल्युमिनियमचं, त्यात वॉल्व्ह टेकायला लोखंडी रिंगा ठोकून बसवलेल्या असतात, त्यांना सीट म्हणतात. त्या सीटा कापून रुंद केल्या, मोठे वॉल्व्ह बसवले. मी खूश.

माझं गणित असं होतं. समजा वॉल्व्ह 34 मिलिमीटरचा आहे, तो 36 चा केला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे 12 टक्के फायदा. फुकटात! पण हवा काही त्या अख्ख्या वर्तुळातून आत येत नाही. पातेल्यावरचं झाकण जरासं उचललं की वाफ कशी कडेकडेने बाहेर पडते, तशी हवा वॉल्व्हच्या कडेने आत शिरते. म्हणजे हिशोब परिघाचा आणि झाकण किती उचललं त्याचा. परिघ वाढला जेमतेम 6 टक्के, आणि उचलणारी कॅम तर जुनीच. त्यात सिलिंडरचा व्यास 68.5 मिलिमीटर. तेवढ्यात दोन वॉल्व्ह दाटीवाटीने बसवले की मोठ्या वॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीजवळ सरकते आणि त्या बाजूने हवेला वाटच उरत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत, ही सगळी हवा आधी ज्या कार्ब्युरेटरच्या गळ्यातून यायची तो मी तसाच ठेवला होता! ऑफिसात कुणी प्रोफायलर न चालवता कोड ऑप्टिमाइझ केला तर मी त्याला फाडून खायचो. इथे स्वतः तेच केलं.

तर झालं असं की दिवाळीला वेल्ह्याजवळच्या आमच्या गावी गेलो. (2024 मध्ये तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला, पण आमच्या तोंडी वेल्हेच आहे.) जाताना नसरापूर-मार्गासनीवरून गेलो, रस्ता तसा सोपा, काही कळलं नाही. परत येताना पाबे घाटाने खानापूरला उतरायचं ठरलं. गाडीत मी, आई, बाबा, बहीण आणि आजी. डिकीत तांदळाचं पोतं.

दुसऱ्या वळणावर सेकंडमध्ये गाडीने मान टाकली. फर्स्ट टाकला, तरी हाफ क्लचशिवाय उचलेना. इंजिन मिसिंग करायला लागलं, क्लचचा वास सुटला. बाबा शांतपणे म्हणाले, "सगळे उतरा." ऐंशी वर्षांची आजी पदर खोचून वळण चढली. वर पोचल्यावर म्हणाली, "लग्नानंतर हा डोंगर पायीच चढायचे. पण तेव्हा गाडी ढकलायला लागत नव्हती."

बाबा काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी हेड घेऊन भोरला. मिस्त्रींनी ते उलटं ठेवलं, तिन्ही खळग्यांत रॉकेल ओतलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत एका खळग्यातलं रॉकेल पोर्टमध्ये झिरपलं होतं. म्हणजे तो वॉल्व्ह सीटवर नीट बसतच नव्हता. त्यांनी ग्राइंडिंग पेस्ट लावून, काठीला रबरी चकती असलेलं ते अवजार दोन्ही तळहातांत घुसळत वॉल्व्ह घासला. सीटवर सगळीकडे सारखा राखाडी पट्टा उमटेपर्यंत. मिसिंग गेलं.

पण चढ तसाच! म्हणजे बग दोन होते. एक गळतीचा, तो कारागिरीतला. दुसरा माझ्या डिझाइनमधला. घाटात इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं, तेव्हा हवाच थोडी लागते. तेवढीच हवा मोठ्या तोंडातून आली की तिचा वेग पडतो, आणि आत शिरण्याचा रेटा, पेट्रोलमध्ये मिसळण्याची घुसळण, दोन्ही कमी होतं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी लांब का जातं, तेच उलटं. शोलावरमला शर्यती व्हायच्या तेव्हा इंजिन कायम वरच्या फेऱ्यांवर पळायचं, तिथे मोठा वॉल्व्ह शोभायचा. पाब्याला नाही. मारुतीने स्वतः 2000 साली 800 च्या एका मॉडेलला जास्त श्वास दिला, तो एक वॉल्व्ह फुगवून नव्हे, तर सिलिंडरमागे चार लहान वॉल्व्ह आणि जोडीला फ्युएल इंजेक्शन देऊन.

मी म्हटलं, "मिस्त्री, मग जुने वॉल्व्ह परत टाका."

"कापलेलं लोखंड परत येत नसतं, भाऊ."

अनडू नाही. बॅकअप नाही. हे मला तोवर खरंच कळलं नव्हतं. आमच्या धंद्यात चूक झाली की जुनी आवृत्ती परत चढवायची, संध्याकाळी घरी. शेवटी त्यांनी कापलेल्या रिंगा काढून नव्या ठोकून घेतल्या, मूळ मापाच्या सीटा कापल्या, जुने वॉल्व्ह बसवले. नशीब, मशीन शॉपने खालचा पोर्ट रुंद केला नव्हता. खर्च मोठे वॉल्व्ह बसवण्याच्या दुप्पट.

संक्रांतीला पुन्हा पाबे घाट. या वेळी स्टिअरिंगवर बाबा, मागे आजी. सेकंडमध्ये गाडी कुरकुरत, हळूहळू, पण न थांबता चढली. वर खिंडीत बाबांनी गाडी थांबवली, तोरण्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "आता हिला हात लावू नकोस."

नाही लावला. असो.