गुडघे नवे, आजार जुनाच



माझे दोन्ही गुडघे बदलून यंदा चौदा वर्षे झाली. स्थानकात, लग्नकार्यात, अगदी भाजी घेतानासुद्धा कुणी ना कुणी थांबवते, "काकू, करावे का हो ऑपरेशन? टिकते का?" प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

आधी एक फरक. आपल्यातल्या बहुतेकींचे गुडघे वयाने, वजनाने झिजतात. माझे तसे नाही. मला आमवात आहे, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते. अडतिसाव्या वर्षी बोटांपासून सुरुवात झाली. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. घरोघरच्या मेथी-सुंठीच्या लाडवांनी डबे भरले, सूज तशीच. पन्नाशीला गुडघे वाकडे झाले. तिक्खुत्तोच्या वंदनेत दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक जमिनीला टेकायचे असते. मी भिंतीला धरून नुसती मान वाकवायचे आणि महासतीजींसमोर डोळे भरून यायचे.

या सांध्यामागे आपल्या देशातलाही एक माणूस आहे, डॉ. चित्तरंजन राणावत. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत त्यांनी इन्सॉल आणि वॉकर यांच्याबरोबर तयार केलेला गुडघा १९७४ मध्ये पहिल्यांदा बसवला गेला. अटलजींचे गुडघेही त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले, एक २००० साली, दुसरा २००१ साली.

आता टिकण्याचे. मी पडले कॉमर्सची, घसारा किती हा प्रश्न मला आधी सुचतो. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला. त्यात शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षे टिकल्याचे दिसले. ते रुग्ण बहुतेक झिजेचे होते, पण आमवातवाल्यांचे सांधेही टिकायला फारसे मागे नाहीत. वेदनाही तितक्याच थांबतात. माझी गुडघ्याची कळ गेली ती गेलीच.

आपण मागे पडतो ते दुसरीकडे. एक म्हणजे जंतुसंसर्ग. आजारामुळे आणि त्याच्या औषधांमुळे तो धोका आपल्याला जास्त, आणि तो पहिल्या महिन्यापुरता नसतो. कुठल्याही जखमेतून, किडलेल्या दातातून जंतू रक्तात शिरून वर्षांनंतरही सांध्यात जाऊन बसू शकतात. म्हणून थंडीत टाचेला भेग पडली तरी मी ती उघडी ठेवत नाही, आणि दाढ काढायची झाली तेव्हा आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारले.

दुसरे, गुडघा नवा झाला तरी आजार रक्तात तसाच असतो. आमच्या नात्यातल्या एकीने ऑपरेशननंतर सगळ्या गोळ्या सोडल्या. "गुडघे तर बदलले, आता कशाला पोटात विष?" असे तिचे म्हणणे. चार वर्षांत मनगटे आणि घोटे गेले. गुडघे आजही उत्तम आहेत तिचे, पण काठी धरायला मूठ नाही. मला तिचे ते वाकलेले हात बघवत नाहीत. परवा श्रीरामपूरहून मामेबहिणीच्या सुनेचा फोन आला, वय अवघे ४६, तिला मी पहिली हीच गोष्ट सांगितली.

माझी मेथोट्रेक्सेटची गोळी बुधवारी असते, आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जीवावर बेतू शकते, म्हणून कॅलेंडरवर खूण करते. जेवण दुपारीच उरकत असल्याने चौविहाराला अडचण येत नाही. निर्जळ उपवास मात्र डॉक्टरांनी साफ मना केलेत. पर्युषणात बाकीच्यांची अठाई चालते तेव्हा मी एकासणा करते, तोही त्यांना विचारून. सुरुवातीला मन खट्टू व्हायचे. आता सामायिकही खुर्चीवरच करते, अठ्ठेचाळीस मिनिटे, आसन-मुहपत्ती घेऊन. नव्या गुडघ्यावर टेकून बसणे मला जमत नाही, त्यामुळे वंदना अजूनही उभ्यानेच.

ऑपरेशनला निघणाऱ्या आमवातवालीने मानेचा एक्स-रे काढला आहे का, हे जरूर विचारावे. या आजारात मानेचे वरचे मणके सैल होतात आणि भूल देणाऱ्यांना ते आधी माहीत असावे लागते. हाताची बोटे वाकडी असतील तर साधा वॉकर धरता येत नाही. कोपरापासून हात टेकवता येईल असा वॉकर मिळतो, तो आधीच बघून ठेवावा. जैविक इंजेक्शन चालू असेल तर ते कधी थांबवायचे, कधी सुरू करायचे, ही तारीख लिहूनच घ्यावी.

पैशाचे म्हणाल तर माझ्या वेळी एका सांध्याचेच लाखाच्या वर गेले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किंमत बांधली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर कर. खोलीभाडे, डॉक्टरांची फी वेगळी. बिलात सांध्याची ओळ निराळी मागून घ्या, आणि त्यावरचे नाव-नंबरांचे स्टिकर फाइलीत जपून ठेवा. पुढे कधी सांधा पुन्हा उघडावा लागला तर तेच पहिले विचारतात.

रोज सकाळी ऊन चढण्याआधी मी प्रवरेच्या पुलापर्यंत जाऊन येते. जिना उतरताना कठडा लागतो.