फाटलेला कान

कानाच्या पाळीत कूर्चा नसते; कातडी आणि तिच्यात थोडी चरबी, एवढंच. तिच्यात वर्षानुवर्षं जड सोनं अडकवलं की भोक खाली ओघळत जातं आणि एक दिवस पाळी दुभंगते. मुंबईच्या मच्छीमार नगरातून माझ्याकडे येणाऱ्या मावश्यांची तक्रार बहुधा हीच. सुश्रुतसंहितेत कान जोडण्याचे १५ प्रकार सांगितलेत, इतकं हे दुखणं जुनं. पण प्लास्टिक सर्जन झाल्यावर बरीच वर्षं मी याला ऑपरेशन मानलंच नाही. दोन मोठ्या केसेसच्या मधे उरकायचं काम, असंच धरून चालले.

त्या उरकण्यात एका मावशींचं मी नुकसान केलं.

पहाटे ससून डॉकवर मासळी घ्यायची आणि दुपारपर्यंत विकायची, हा त्यांचा धंदा. दोन्ही पाळ्या फाटलेल्या. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं सांगून मी भुलीची सुई टोचली. मुंगी चावल्यासारखं ते मुळीच नसतं. सुईतलं भुलीचं औषध, लिग्नोकेन, आम्लधर्मी असतं. थंडगार औषध भराभर सोडलं तर कानात निखारा ठेवल्यासारखी आग होते. त्यात थोडा सोडाबायकार्ब मिसळावा, औषध कोमट करून घ्यावं, बारीक सुईने सावकाश सोडावं, हे मला शिकवलेलं होतं. त्याला लागतात जास्तीची दोन-चार मिनिटं. तीही मी दिली नाहीत. मावशींनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली, आणि मी "झालंच, झालंच" म्हणत राहिले.

टाके मात्र सुबक पडले. त्याचा मला अभिमानही वाटला.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. मुलीची हळद तोंडावर होती, भोक पाडून हवं होतं. शिवलेल्या जखमेला सहा आठवड्यांत मूळ कातडीच्या जेमतेम निम्मी ताकद येते, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि पुरी कधीच येत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं नाही, आणि आता त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना. घाईत भोकही थेट व्रणातूनच पाडलं. बाजूच्या चांगल्या कातडीत पाडायचं असतं. हळदीच्या संध्याकाळी डावी पाळी पुन्हा फाटली. भरल्या मांडवात, पाहुण्यांसमोर.

"तू कान बघलास, बाय. मी कशासाठी आले, ते इचारलं नाय," एवढंच त्या बोलल्या.

विचारलं नाही, कारण मनात मी त्याला हौस म्हणून बाजूला काढलं होतं. विद्यार्थिदशेत डॉ. नोशीर अंतियांचं काम मी भारावून वाचलं होतं. जे.जे. रुग्णालयात त्यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं पुन्हा उभी केली. चेहरा सावरला की माणूस लोकांत मिसळू लागतो, हे मला पटलेलं होतं. मग लेकीच्या हळदीत फाटक्या कानांनी उभं राहायची लाज मला का दिसली नाही? त्या कानातलं सोनं म्हणजे मावशींनी पाट्या वाहून जोडलेली पुंजी होती. ते अंगावर घालून मिरवायचा दिवस आयुष्यात असा कितीदा येतो!

आता मी आधी तारीख विचारते. कार्य कधी, डॉकवर जाणं किती दिवस थांबवता येईल, मासळीचं पाणी कानाला न लागता कसं निभेल. जमलं तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत टाके घालते. ताज्या मासळीची धावपळ तेव्हा कमी असते, आणि दिवाळीनंतरच्या लग्नसराईपर्यंत जखमेला पुरेसा वेळ मिळतो. भुलीचं औषध हातात धरून कोमट करते, आणि आग होईल हे आधीच सांगते.

त्या मावशींना निरोप पाठवला होता की डावी पाळी पुन्हा शिवून देते, पैसे नकोत. त्या आल्या नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्यांची जाऊ आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आमच्याकडं लगीन मार्गशीर्षात हाय."