चिंचेखालचे पंचवीस यार्ड

आमच्या चिंचपाड्यात चिंचेच्या झाडाचं कुणाला कौतुक नाही, गावाचं नावच ते. पण डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरच्या चिंचेच्या बुंध्यावर चुन्याचा एक पट्टा ओढलेला असायचा आणि तो मात्र सुरत-धुळे रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होता. पट्ट्याशी पाठ लावून माणसाला उभं करायचं. तिथून पंचाहत्तर फुटांवर, रस्त्याच्या कडेला, एक दगड पुरलेला होता. दगडाशी उभ्या असलेल्या गाडीचा नंबर त्या माणसाने वाचायचा. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा.

१९७४ साल असेल. मी अकरा वर्षांचा. मामाला लायसनसाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून त्याने मला बरोबर घेतलं. मामा ट्रकवर होता. नवापूरच्या डाळ मिलमधली तूरडाळ सुरतेला न्यायची आणि येताना कापडाच्या गाठी धुळ्याला टाकायच्या. रस्त्यावर त्याला सगळे ‘वस्ताद’ म्हणत. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण पाटीवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे तो नजरेनेच ओळखायचा.

दगडाशी वनखात्याची जीप उभी होती. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. मामाने उजवा डोळा झाकला आणि धडाधड नंबर म्हणून दाखवला. डॉक्टर हसले. म्हणाले, “अरे, ही जीप तू रोज बघतोस. नंबर तुला पाठ आहे. थांब जरा.” आणि आम्ही थांबलो. चांगला अर्धा तास थांबलो. शेवटी सुरतेकडून एक फियाट आली, दवाखान्यात कुणाला तरी दाखवायला आली होती. डॉक्टरांनी तिला दगडाशी उभं करायला लावलं. ‘जी’ने सुरू होणारी गुजरातची पाटी. मामाने ती सावकाश, एकेक अक्षर सोडवत वाचली. डाव्या डोळ्याने एका ठिकाणी तीनाचा आठ केला, डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा नीट वाचला.

मग आत नेऊन टेबलावर एक लाल आणि एक हिरवी मिरची ठेवली. रंग विचारले. शेवटी विचारलं, “दिवेलागणीला ताटातलं वरण दिसतं ना? का चाचपावं लागतं?” हा रातांधळेपणाचा प्रश्न होता. मामा म्हणाला, “दिसतं डॉक्टरसाहेब, पातळ आहे का घट्ट, तेही दिसतं.” डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला. दोन रुपये घेतले की तीन, ते आता आठवत नाही.

पुढे मी नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून ग्रामीण रुग्णालयांत तीस वर्षं काढली, तेव्हा कळलं की डॉक्टरांनी त्या दिवशी कायद्याचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं होतं, की चांगल्या उजेडात, लागत असेल तर चष्मा लावून, २५ यार्डांवरून प्रत्येक डोळ्याने काळ्या पाटीवरची पांढरी सात अक्षरं-आकडे वाचता आले पाहिजेत. सातच का? तेव्हाच्या नंबरात तीन अक्षरं आणि चार आकडे असत. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खरीखुरी पाटी होती. लाल-हिरवा ओळखता येणं आणि रातांधळेपणा नसणं, याही अटी तिथेच होत्या. मिरची आणि वरण आमच्या डॉक्टरांचं.

मिरचीची परीक्षा कच्ची होती, हे मला आज मान्य करायला हवं. हिरवी मिरची आणि लाल मिरची यांची चमक वेगळी, देठ वेगळा, सुरकुत्या वेगळ्या. रंगांध माणूससुद्धा त्या ओळखू शकतो. ठिपक्यांतून आकडा शोधायचं इशिहाराचं पुस्तक १९१७ सालापासून जगात आहे, पण आमच्या दवाखान्यात ते मी कधी पाहिलं नाही. नोकरीत लागल्यावर मी ते पहिल्यांदा हातात धरलं. तेव्हा माझ्या मनात आलं, मामाच्या बरोबरीच्या किती जणांना मिरचीने पास केलं असेल?

आज कायदा बदलला, पण अट फारशी हललेली नाही. १ जुलै १९८९ पासून नवा कायदा लागू झाला आणि यार्डाचे मीटर झाले. २५ यार्ड म्हणजे तेवीस मीटरसुद्धा भरत नाहीत, म्हणजे नवी अट थोडी कडकच झाली. अर्जदाराने स्वतः भरायचा तो नमुना १, त्यात प्रत्येक डोळ्याने २५ मीटरवरून पाटी दिसते का, हे विचारलेलं असतं. डॉक्टरने भरायचा तो नमुना १-अ. मालवाहू गाडी चालवणाऱ्याला तो कोणत्याही वयात लागतो, खासगी गाडीवाल्याला चाळिशीनंतर. गाडीच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं. ते २५ मीटरवरून वाचता येणं म्हणजे आमच्या तक्त्याच्या भाषेत साधारण ६/१२ च्या आसपासची नजर. अमेरिकेत ट्रकवाल्याला दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी एवढीच नजर लागते, आणि तिथला वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. इंग्लंडमध्ये लॉरीवाल्याच्या चांगल्या डोळ्याला याहून बरीच जास्त, ६/७.५ नजर लागते. म्हणजे आपली अट काही जगावेगळी नाही, आणि ढिलीही नाही.

मामाची गाडी आठवते ती रात्रीची. दिव्यांच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. वायपर असून नसल्यासारखा. पावसाळ्यात तो बिडीची तंबाखू चिमटीत चुरडून काचेवर घासायचा, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने न राहता सरळ ओघळून जायचं. मीही घासली आहे. हाताला दिवसभर वास राहायचा. विसरवाडी सोडून कोंडाईबारीचा घाट लागायच्या आधी तो गाडी कडेला घ्यायचा, जरिकनमधलं पाणी ओंजळीने डोळ्यांवर मारायचा आणि मगच घाटात शिरायचा. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, समोरचाही द्यायचा. डिपर न देणाऱ्याला तो शिव्या घालत नसे. म्हणायचा, “नवा असेल, नाहीतर झोपेत असेल. दोन्हीत आपणच जपायचं.”

आज त्याच रस्त्यावर एलईडी दिव्यांचा पांढरा झोत येतो तेव्हा पन्नाशीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काही क्षण काहीच राहत नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग गढूळ व्हायला लागतं आणि त्या गढूळपणात उजेड फुटतो. दिवसा २५ मीटरवरची पाटी वाचणारा माणूस रात्री त्या झोतापुढे आंधळा असू शकतो. नमुन्यात चांगल्या उजेडातली नजर मोजायला सांगितली आहे, पण आमच्या रस्त्यावरचे बरेचसे ट्रक रात्री चालतात. ही उणीव १९३९ मध्येही होती आणि आजही आहे.

मामाला हेच झालं. १९९० च्या सुमारास, पन्नाशी ओलांडली तेव्हा, त्याने रात्रीच्या खेपा स्वतःहून सोडल्या. म्हणायचा, “दिव्यांना पिसारे फुटतात.” डॉक्टरांनी सांगितलं मोतीबिंदू आहे, पण पिकू दे, मग काढू. तेव्हा असंच सांगत. पिकेपर्यंत तो दिवसा चालवत राहिला, थांब म्हणून मीच त्याला दोनदा सांगून पाहिलं. शेवटी ऑपरेशन झालं आणि त्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्या चष्म्यातून दाराची चौकट वाकलेली दिसायची. बाजूने येणारी गाडी आधी दिसायचीच नाही, मग एकदम समोर उभी राहायची. पहिल्यांदा चष्मा लावून तो कॅबिनमध्ये चढला, स्टिअरिंगवर हात ठेवला, आरशात पाहिलं आणि खाली उतरला. मामी दारातून बघत होती. तिला एवढंच म्हणाला, “आता नाही जमायचं.” त्यानंतर त्याने गाडी हातात घेतली नाही.

१९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प देशातल्या सात राज्यांत सुरू झाला. त्यात महाराष्ट्र होता. सरकारी रुग्णालयांत डोळ्याच्या आत भिंग बसवणं हळूहळू नेहमीचं झालं. मी स्वतः त्या कामात होतो. आज आमच्याकडचा पंचावन्न वर्षांचा ड्रायव्हर मोतीबिंदू काढून, भिंग बसवून, काही आठवड्यांत पुन्हा गाडीवर जातो, तेव्हा मला मामाचा आरशातला चेहरा आठवतो. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी तो चष्मा एकदा लावून बघायला हवा होता.

आमच्या गावात रेल्वे आणि रस्ता जवळजवळ बरोबरीने जातात. ताप्ती खोऱ्याची ही लाइन १९०० सालची, २०१८ मध्ये दुहेरी झाली. इंजिन चालवणाऱ्याची नजर भरतीच्या वेळी चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ असावी लागते, रंगदृष्टी आणि रात्रीची नजर वेगळी तपासतात, आणि पुढे ठरावीक वर्षांनी, वय वाढेल तसं लवकर लवकर, रेल्वेच्याच डॉक्टरांकडे पुन्हा तपासणी होते. स्वीडनमध्ये १८७५ साली दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, तेव्हापासून जगभरच्या रेल्वेने रंगदृष्टी मनावर घेतली. इंजिनवाल्याला रूळ असतात, स्टिअरिंग नसतं. ट्रकवाल्याला रूळ नाहीत, समोरून बैलगाडी येते, मोटरसायकल येते, बाजाराहून परतणारी माणसं कडेने चालत असतात. तरी त्याच्या डोळ्यांची काळजी कुणाच्या खात्यात नाही.

गेल्या वर्षी मामेभावाचा मुलगा घरी आला. चौदा टायरची गाडी, कॅबिनमध्ये एसी. आता नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना तर एसी कॅबिन सक्तीचीच झाली. टोलनाक्यावर थांबायला नको, कागद सगळे फोनमध्ये. लायसन नुकतंच नवं करून घेतलेलं. मी सहज विचारलं, “डॉक्टरने काय काय तपासलं रे?” तो म्हणाला, “काही नाही काका, आधार बघितलं, फोटो काढला, झालं.” आता डॉक्टर आपल्या लॉगिनमधून नमुना १-अ थेट ऑनलाइन भरतात, त्यामुळे खोट्या शिक्क्यांना आळा बसला, ही चांगली गोष्ट आहे. पण लॉगिनला डोळा दिसत नाही. त्या डॉक्टरचं नाव मी लिहीत नाही, तो एकटा नाही.

मी त्याला अंगणात उभं केलं. शेजारच्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. दोन्ही डोळ्यांनी त्याने पाटी फटकन वाचली. मग मी माझा तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. तो थांबला. डोकं थोडं पुढे काढलं, डोळा बारीक केला. “एम एच...” म्हणाला आणि पुढे काहीच नाही. माझ्या हाताखाली त्याची पापणी फडफडत होती. तो म्हणाला, “काका, हात लावल्यामुळे पाणी आलं असेल डोळ्यात.” मी हात काढला, पुसायला लावलं, पुन्हा झाकला. पुन्हा तेच.

डाव्या डोळ्याला लहानपणापासून नंबर होता. उजवा चांगला, म्हणून कधी कळलंच नाही. याच डाव्या बाजूने मोटरसायकली घुसतात. चष्मा दिल्यावर डावा ६/९ पर्यंत आला, हे त्याचं नशीब. पण चष्मा घालायला तो तयार होईना. का, तर “मालक गाडीवरून उतरवेल.” हे वाक्य मी १९७४ मध्येही ऐकलं होतं. मामाच्या जोडीदारांपैकी एकाचा चष्मा टूलबॉक्समध्ये पान्यांखाली असायचा, नाका आला की नाकावर. कायद्याने चष्म्याला कधीच बंदी केलेली नाही, १९३९ मध्येही ‘चष्मा लावून’ असं स्पष्ट लिहिलं होतं. भीती मात्र पन्नास वर्षांत जागची हलली नाही. शेवटी मी स्वतः मालकाला फोन केला. तो भला माणूस निघाला. म्हणाला, “सर, मला कुणी आधी सांगितलंच नाही. बाकीच्या पोरांचेही तपासून द्या.”

काही बदल योग्य दिशेने झाले, तेही सांगायला हवेत. २०१९ मध्ये केंद्राने आठवी पासची अट काढली. मामासारख्याला आज त्यामुळे घरी बसावं लागणार नाही. २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना लायसन मिळण्याची वाट मोकळी झाली, तीव्र असेल तरच अडवतात. पण २०१९ च्याच दुरुस्तीने मालवाहू लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. धोकादायक माल नेणाऱ्यांची एकावरून तीन. सुरतेजवळच्या हजिऱ्याकडून टँकर येतात त्या रस्त्यावर राहणारा माणूस म्हणून मला हे पटलेलं नाही. पंचेचाळीस ते पन्नास या पाच वर्षांत डोळा किती बदलतो, ते मी हजारो डोळ्यांत पाहिलं आहे. लायसन पाच वर्षांचं राहू द्या, डोळ्यांचा दाखला चाळिशीनंतर दोन वर्षांचा करा.

ती चिंच रस्ता रुंद होताना गेली. दगडही गेला. पण आजच्या नियमाचं अंतर कुठेही आखता येतं. २५ मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण तेहतीस पावलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ड्रायव्हर असेल, किंवा कुणाच्या गाड्या रस्त्यावर असतील, त्यांनी उद्या सकाळी उजेडात तेहतीस पावलं मोजावीत, अनोळखी गाडीची पाटी समोर धरावी आणि आधी एक डोळा झाकावा, मग दुसरा. एका डोळ्याने जरी अडखळला, तरी त्याला पुढच्या खेपेला पाठवू नका; आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. तिथे नंबर काढायला पैसे पडत नाहीत.