संध्याकाळी पाच वाजता पाहावे असे घर

स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या माणसासाठी निवासी शुश्रूषाकेंद्र शोधण्याची वेळ येते, तेव्हा मन आधीच थकलेले असते. अशा मनाला चकचकीत इमारत आणि हसतमुख व्यवस्थापक चटकन पटतात. म्हणून काय पाहायचे, हे घरूनच ठरवून निघावे. आईसाठी मी पुणे परिसरातील चार केंद्रे पाहिली. त्यातून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली भेट वेळ ठरवून घ्यावी. दुसरी मात्र न कळवता, संध्याकाळी पाचच्या सुमारास. दिवस कलू लागला की अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते आणि ‘मला घरी जायचंय’ हा धोशा सुरू होतो. एका केंद्रात त्या वेळी सारे जण भिंतीलगतच्या खुर्च्यांत बसवलेले होते; समोर टीव्ही चालू होता आणि एकाचेही लक्ष तिकडे नव्हते. दुसऱ्या केंद्रात भिंतींचा रंग उडालेला होता. परंतु तेथील एक मावशी एका आजोबांचा हात धरून व्हरांड्यात येरझारा घालीत होत्या आणि त्यांना त्यांच्या गावच्या नदीविषयी विचारीत होत्या. आईसाठी मी हे दुसरे केंद्र निवडले.

जमिनीकडे अवश्य पाहावे. गुळगुळीत, चमकणारी फरशी या रुग्णांना ओली भासू शकते आणि काळे पायपुसणे खड्ड्यासारखे वाटू शकते. मग पाऊल अडखळते. शौचालयाचे दार दुरून ओळखू येते का, पांढऱ्या भिंतीवर आधाराचा दांडाही पांढराच तर नाही ना, हे तपासावे. लघवीचा दर्प वाईटच. पण तो झाकणारा फिनेलचा उग्र वासही विचार करायला लावणारा असतो. पाण्याचा पेला हाताशी असावा, कारण तहान लागल्याचे सांगणे प्रत्येकाला जमतेच असे नाही.

प्रश्न मोजकेच, पण नेमके विचारावेत. रात्री किती रुग्णांमागे एक सेवक असतो? अंथरुणाला खिळलेल्यांची कूस किती वेळाने बदलली जाते आणि त्याची नोंद कोठे असते? रुग्ण चिडला तर प्रथम काय करता? या शेवटच्या प्रश्नावर ‘गोळी देतो’ एवढेच उत्तर आले तर सावध व्हावे. गोळी कधी लागतेही. परंतु त्याआधी भूक, वेदना, बद्धकोष्ठ किंवा लघवीतील जंतुसंसर्ग यांचा शोध घेतला पाहिजे.

ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात आजाराआधी माणूस पाहण्याचा आग्रह धरला. आपली कसोटीही तीच असावी: येथे आपल्या आईला नावाने, ‘ताई’ किंवा ‘आजी’ म्हणून हाक मारतात, की खाटेच्या क्रमांकाने?

केंद्र निवडले म्हणजे तपासणी संपली असे नाही. भेटीचे वार आणि वेळा बदलत राहाव्यात. नखे, टाचा, ओठ, वजन पाहावे. शंका आली तर प्रथम तेथेच शांतपणे विचारावे. दाद लागली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे. ज्याला स्वतःची तक्रार सांगता येत नाही, त्याच्या वतीने पाहणे आणि बोलणे, एवढे तरी आपल्या हाती उरतेच.