गाडीची परीक्षा

चिरंजिवांना ऑडी क्यू३ हवी आहे. दुसऱ्या पिढीची ही मोटार २०२२ सालीं आपल्याकडे विक्रीस आली तेव्हां तिची किंमत ४५ लाखांच्या घरांत होती. ती ऐकतांच वडिलांनीं लावलेलीं हापुसाचीं कलमें एकामागून एक चालतीं झाल्याचा मला भास झाला. "पण बाबा, ती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवतात," चिरंजीव म्हणाले. म्हणजे जुळणीची मजुरी तरी महाराष्ट्रांत राहणार!

विक्रेत्यानें १९० अश्वशक्तीचें वर्णन केलें. शंभराचा वेग म्हणे ७.३ सेकंदांत येतो. रत्नागिरीहून कोल्हापुरास जातांना आंबा घाटांत, पुढें चिऱ्यांचा ट्रक आणि भोंवतीं धुकें असतां, तो आणावयाचा कोठें हें त्यानें सांगितलें नाहीं. चारी चाकांना शक्ति पोंचविण्याची योजना मात्र मला पटली. जुलैंतल्या तांबड्या चिखलांत जो एकदां रुतला आहे त्यालाच तिचें मोल.

आईला बरोबर नेलें होतें. जुन्या गाडींत बसतांना ती दाराला धरून हळूहळू खालीं जाते, आणि आम्ही सारे उगाच दुसरीकडे पाहतों. येथें बैठक उंच. ती सरळ बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "आतां उतरायला नको वाटतंय रे." घेणाऱ्यांनीं परीक्षा येथूनच सुरू करावी.

रात्रीं टेप घेऊन मीं वाडींतली पाणंद मोजली. आरशांसकट गाडीची रुंदी दोन मीटरांहून किंचित् अधिक. दोन गडग्यांमधलें अंतर जेमतेम तितकेंच. एक गडगा आमचा, दुसरा चुलत्यांचा. त्यांच्याशीं गेलीं सात वर्षें बोलणें नाहीं. उद्यां सकाळीं जाऊन विचारावें म्हणतों.