गुलमर्गच्या कुरणात चेंडूची वाट

गुलमर्गला जाणारी आपल्याकडची कुटुंबं गंडोला, घोडा आणि बर्फ या तीन गोष्टींसाठी जातात. आम्हीही मेच्या सुट्टीत त्यासाठीच गेलो होतो. गंडोलाच्या तिकिटावर दुपारची वेळ पडली, म्हणून सकाळचे तीन-चार तास मोकळे मिळाले. ते आम्ही समोरच्या कुरणाच्या कडेने फिरण्यात घालवले. हे कुरण म्हणजेच गुलमर्गचं अठरा होलचं गोल्फ मैदान. समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर वाटीसारखी खोलगट जागा, आणि भोवताली फर व कैल या सूचिपर्णी झाडांचं दाट रान. उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येणाऱ्या इंग्रजांनी हा खेळ इथे रुजवला.

आपल्या घरांत गोल्फ कोणी खेळत नाही, म्हणून आधी एक शब्द समजून घेऊ. होल म्हणजे शेवटी चेंडू ज्यात पडतो ते जेमतेम पावणेअकरा सेंटिमीटर रुंदीचं भोक. पण खेळाडू होल म्हणतात तेव्हा पहिला फटका मारायच्या जागेपासून त्या भोकापर्यंतचा सगळा पट्टा त्यांच्या मनात असतो. हा पट्टा चारशे मीटरचाही असू शकतो. मधलं नीट कापलेलं गवत म्हणजे फेअरवे, कडेचं वाढू दिलेलं गवत म्हणजे रफ, आणि भोकाभोवतीचा गालिच्यासारखा तुकडा म्हणजे ग्रीन. वाळूचे खड्डे आणि पाणीही अडथळे म्हणून असतात, पण गुलमर्गला डोळ्यांत भरतात ती झाडं आणि जमिनीचे चढउतार.

कुंपणापाशी एक वयस्कर कॅडी विसावले होते. खेळाडूची पिशवी वाहणारा आणि त्याला जमिनीची माहिती देणारा तो कॅडी. आमच्या मुलाने त्यांना विचारलं, "चाचा, ये लोग सीधा क्यों नहीं मारते?" ते हसले. "बेटा, यहाँ सीधा है कहाँ?"

मग आम्ही त्यांच्या नजरेने पाहू लागलो. एका ठिकाणी पट्टा कोपरासारखा वळला होता आणि वळणाच्या आतल्या बाजूला फरची झाडं होती. ती तिथे नसती तर खेळाडूने तिरका फटका मारून वळण सरळ कापलं असतं. झाडांमुळे त्याला ठरवावं लागतं: शेंड्यांवरून चेंडू नेण्याचा धोका पत्करायचा, की वळसा घालून एक फटका जास्त मोजायचा. झाडाची जातही इथे महत्त्वाची. पाइनचं खोड जुनं झालं की खालून मोकळं होतं, त्यामुळे फांद्यांखालून बुटका फटका काढता येतो. मोकळ्यावर वाढलेल्या फरच्या फांद्या मात्र घेरदार झग्यासारख्या जमिनीपर्यंत येतात. त्यातून वाट नाही. शिवाय सावली. ग्रीनच्या पूर्वेला उंच झाडं असली की सकाळचं ऊन उशिरा पोचतं, दहिवर रेंगाळतं आणि गवत अशक्त राहतं. मुळं पाणी ओढतात ते वेगळंच. म्हणून ग्रीनला खेटून झाडं लावणं जाणकार टाळतात.

उंचवट्याची तऱ्हा निराळी. झाड चेंडूला हवेत अडवतं, उंचवटा खेळाडूच्या पायांखाली काम करतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पावलांपेक्षा उंच जागी असेल तर फटका डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे. चढावरून मारलेला चेंडू उंच जातो आणि लवकर पडतो, उतारावरून मारलेला बुटका जाऊन लांब घरंगळतो. त्यात इथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू समुद्रकाठापेक्षा साधारण एक दशांशाने लांब जातो. मैदानी मुलखातून आलेल्याचे सगळे हिशेब इथे नव्याने मांडावे लागतात. काही ठिकाणी तर उंचवट्यामागे ग्रीन दिसतच नाही, खेळाडू नुसत्या अंदाजाने मारतो.

गंमत म्हणजे या खेळाच्या मायभूमीत, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला, झाडं जवळपास नाहीतच. तिथला सगळा खेळ वाऱ्याने घडवलेल्या वाळूच्या चढउतारांवर चालतो. तिथल्या महिलांच्या क्लबचं १८६७ पासूनचं एक लहान मैदान आहे. ते इतकं खालीवर आहे की त्याला हिमालय म्हणतात! आम्ही खऱ्या हिमालयात उभे होतो आणि समोरचे उंचवटे माणसाच्या कमरेएवढे.

अमेरिकेत सपाट जमिनीवर यंत्रांनी माती ओढून उंचवटे रचतात. विस्कॉन्सिनमधलं व्हिसलिंग स्ट्रेट्स हे नावाजलेलं मैदान लष्कराच्या जुन्या सपाट जागेवर असंच उभारलं. माती हवी तशी रचता येते, झाडाचं तसं नाही. ऑगस्टाच्या सतराव्या होलवर एक मोठा पाइन होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा चेंडू त्यावर इतक्यांदा आदळायचा, की १९५६ मध्ये क्लबच्या बैठकीत त्यांनी तो तोडण्याची मागणी केली. अध्यक्षांनी बैठकच आटोपती घेतली. राष्ट्राध्यक्षांना न हटलेलं ते झाड २०१४ च्या हिमवादळात मोडलं.

गुलमर्गलाही हा प्रश्न आहे, पण जास्त गंभीर. इथे फरचं झाड मोठं व्हायला अनेक दशकं लागतात. घोड्यांच्या पायवाटांनी उंचवट्यांची गवताची चादर फाटली की उघड्या मातीवरून पावसाचं आणि बर्फाचं पाणी ओघळ पाडतं. असे दोन-तीन ओघळ आम्हाला रस्त्यावरूनच दिसले. घोडेवाल्यांना दोष द्यावा असं मात्र वाटत नाही. त्यांची चूल त्यावरच पेटते.

आमच्यात यावर वाद झाला. अब्बूंचं म्हणणं, हजारो लोकांनी कुंपणाबाहेरून पाहायचं आणि मूठभरांनी आत खेळायचं, हे कुरण कोणाचं? गुराखी इथे पिढ्यानपिढ्या जनावरं आणत आले आहेत. बोलणं खरं आहे. पण सभोवार पाहिलं तर हॉटेलं आणि दुकानं कडेकडेने दाटत चालली आहेत, आणि वाटीचा मधला भाग तेवढा मोकळा आहे. तिथे खेळ चालतो, म्हणून जमीन सपाट करून इमारत बांधण्याची सोय नाही. खेळ महागाचा असला तरी त्याने जमिनीचा मूळ आकार राखला आहे, आणि आमच्या मते हे थोडंथोडकं नाही. अब्बूंना हे पटलेलं नाही.

कोणी जाणार असाल तर गुलमर्ग श्रीनगरहून सुमारे ५० किलोमीटर आहे. टंगमर्गनंतर घाट लागतो. गावाभोवती रानातून जाणारा सुमारे ११ किलोमीटरचा वळसा-रस्ता आहे. सकाळी लवकर त्यावरून थोडं चाललात तर झाडांच्या लांब सावल्यांमुळे प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. दुपारी तेच मैदान सपाट भासतं. मुलांना कुंपणाच्या आत जाऊ देऊ नका. आणि लांबून "फोर!" अशी आरोळी आली तर वर पाहत उभे राहू नका, डोकं हातांनी झाकून खाली वाका.