हसं कुणाचं?

वास शोधायला शिकणारं कुत्रं लपवलेली डबी सोडून स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यापुढे ऐटीत बसतं, सगळे खो-खो हसतात आणि हसं कुत्र्याचं होतं. हे मला अजून खटकतं. छंद म्हणून हे शिकवताना लवंगेचं तेल सर्रास वापरतात. गोडा मसाला कुटणाऱ्या कर्जत-खालापुरातल्या घरात ते कुत्रं दुसरीकडे बसेल कशाला? उत्तर बरोबरच असतं, प्रश्न आपण ढिसाळ घातलेला असतो. विचारणाऱ्याचा असा घोळ जुनाच आहे. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा खुरानं गणितं सोडवायचा. १९०७ साली संशोधक ऑस्कर फुंग्स्टनं दाखवून दिलं की तो आकडे नव्हे, विचारणाऱ्याच्या मानेची बारीक हालचाल वाचत होता. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात शोधी कुत्री हाताळणाऱ्या १८ हँडलरना सांगितलं, लाल कागद असेल तिथे वास दडवलाय. वास कुठेच नव्हता. तरी ‘कुत्र्यानं खूण दिली’ असं ते सांगत राहिले, लाल कागदापाशी तर जास्तच.

कुणी म्हणेल, एवढं मनावर काय घ्यायचं, हसल्यानं शिकवणं हलकं होतं. खरंय. पण हसू हेही कुत्र्याला बक्षीसच. चुकीच्या जागी बसून कौतुक मिळालं तर ते पुन्हा तिथेच बसणार. शिवाय त्या ‘चुकी’त माहिती असते. पाण्याबरोबर वास उतारावर सरकतो, म्हणून कुत्रं मूळ जागेच्या खाली बसतं. सरावात याची गंमत वाटते, खऱ्या शोधात नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा एनडीआरएफची श्वानपथकंही शोधाला होती. अवजड यंत्रं वर नेता येत नव्हती, पाऊस हटत नव्हता. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवला. भिजलेल्या मातीची छिद्रं बुजली की वास वर यायला वाटच उरत नाही. कुत्र्याचं उत्तर बरोबरच असतं, असं मी वर ठासून म्हटलंय. त्या चिखलाबद्दल तसं म्हणायची माझी छाती नाही. नाकही थकतं.

तरी सरावापुरता हट्ट सोडवत नाही. डबी कुठे ठेवलीय हे हँडलरला कळू देऊ नये, ज्याला ठाऊक आहे त्यानं खोलीबाहेर थांबावं. मग कुत्रं मसाल्याच्या डब्यापुढे बसलं, तर खुशाल हसा. फक्त आधी डब्याचं झाकण नीट लागलंय का ते बघा.